सासवडला दोन मुक्काम

आक्कांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, तक्ता दोन्ही हातांनी धरून आधी लांब नेला, मग जवळ आणला आणि विचारलं, "बाळू, ह्यात मुक्काम कुठं लिहिलेत?"

तक्ता ह्यांचा. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. कालव्याचं काम असो की नातीचं बारसं, आधी आडव्या पट्ट्यांचा तक्ता, मग बाकीचं. हा तर साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर जाऊन मोठ्या कागदावर रंगीत छापून आणलेला. डावीकडे बावीस तारखा, वरच्या ओळीत सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास. पिवळी पट्टी देवळांची, निळी होडीची, हिरवी चालण्याची, लाल विमानाची. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया. जेवणाच्या टेबलावर तो पसरला तेव्हा मीठ, लोणचं, तांब्या-भांडं सगळं ओट्यावर हलवावं लागलं होतं.

"मुक्काम म्हणजे हॉटेलच ना? ते शेवटच्या रकान्यात आहे की."

"हॉटेल न्हवं रे. मुक्काम. माउली सासवडला दोन दिवस का राहत्यात, सांग बघू."

ह्यांना सांगता येईना. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, दिवेघाटाची उंची कुणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगितली असती, पण हे मलाही सांगता येईना.

आक्का ह्यांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. सासर लोणंद. यजमान गेल्यावर त्या वारीला जायला लागल्या आणि तेरा वेळा आळंदी ते पंढरपूर पायी गेल्या. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्यांनी सांगितलं ते असं. पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यांत लांबचा टप्पा, वर दिवेघाट. त्या दिवशी माणूस पोचतं ते नुसतं अंग घेऊन. म्हणून तिथे दोन मुक्काम. दुसऱ्या दिवशी लुगडी धुवायची, टाचांना तेल चोळायचं, सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं आणि झाडाखाली आडवं व्हायचं. पुण्यातही दोन, कारण पुण्यात माणूस गर्दीनंच दमतं. आणि लोणंदचा मुक्काम कधी एकाचा, कधी दोनाचा. तिथी वाढली की मुक्काम वाढतो, घटली की घटतो. पंढरपुरात दशमीला पोचायचं ते ठरलेलंच.

हे ताठ बसले. "म्हणजे फ्लोट! आक्का, ह्याला आम्ही फ्लोट म्हणतो. कामाच्या आराखड्यात राखून ठेवलेले दिवस."

"तो तुमच्या कालव्याला कधी पुरला?" मी विचारलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण लाल पेन शोधायला उठले.

मुळात हा प्रवास सुरू झाला तो एका जुन्या रागातून. २०१७ साली आम्ही दोघं एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. अकरा दिवस, सहा देश. कंपनीचं नाव नको. जेवण वेळेवर मिळालं, सामान हरवलं नाही, वरणभात होता. पण मला त्या सहलीतलं आठवतं ते बसच्या काचेतून मागे जाणारं गवत, आणि टूर मॅनेजरचं "वीस मिनिटं, मंडळी, वीस मिनिटं". त्या वीस मिनिटांतली बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत जायची. एका संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "आपण आत्ता कुठल्या देशात आहोत?" हे खिडकीबाहेर बघून म्हणाले, "पाट्या जर्मन आहेत, पण तेवढ्यावरून काही सांगता येत नाही."

तेव्हा हे त्रेसष्ट वर्षांचे होते. आता एकाहत्तर. मी सहासष्ट. आम्ही दोघं रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो. गाडीरस्त्याने नव्हे, मंगळाईच्या बाजूच्या वाटेनेही नव्हे (ती आता ह्यांना मना केली आहे), पण चढतो. वर आमच्यासारखी पंधरावीस मंडळी भेटतात. त्यातल्या निम्म्यांना मुलांनी अशाच सहलींवर पाठवलेलं, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, की चालायलाच मिळालं नाही. माणूस साठीला आला की एक तर तो काचेचं भांडं ठरतो, नाहीतर वर्तमानपत्रातल्या फोटोतला ऐंशीव्या वर्षी मॅरेथॉन पळणारा आजोबा. मधे कुणी असतं हे सहल आखणाऱ्यांच्या गावी नसतं. आम्ही मधले. चढतो, पण दर वळणावर थांबून. सगळं खातो, पण रात्री आठच्या आत. दहा किलोमीटर चालतो, पण लागोपाठ तिसऱ्या दिवशी नाही.

युरोप पुन्हा का नको, ह्याचं एक कारण राग आणि दुसरं घड्याळ. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया तिन्हींचं घड्याळ एकच, आपल्यापेक्षा दीड तास पुढे. ह्यांची रक्तदाबाची गोळी इथे सकाळी आठला असते ती तिथे साडेनऊला घेतली की झालं; शरीराला कळतसुद्धा नाही. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, पाच तासांच्या आत पोचतं. एवढ्या वेळात ह्यांना किती वेळा उठावं लागतं त्याचा हिशेब ह्यांनी केलेला आहे. तो इथे देत नाही. शिवाय तिकडे संडासात पाण्याचा फवारा असतो. हसू नका. अकरा दिवस युरोपात रिकामी बाटली घेऊन फिरलेल्या माणसाला विचारा.

तर तीन देश ठरले, आणि माणसंही तीन: आम्ही दोघं आणि आक्का. हे तक्त्याला लागले आणि मी नकाशाला.

नकाशात भानगड अशी, की तीन देशांचे चांगले महिने एकमेकांशी भांडतात. सिएम रीपला, म्हणजे अंगकोरची जुनी देवळं जिथे आहेत तिथे, एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. दगडाच्या देवळात ते ऊन वरून येतं आणि खालूनही. उत्तर लाओसमध्ये फेब्रुवारी सरताना डोंगरातली शेतं जाळायला सुरुवात होते, आणि पुढचे दोन महिने धुरात समोरचा डोंगर दिसत नाही. म्हणजे उन्हाळा बाद. मग दिवाळीनंतर? सगळे तेच सुचवतात, कारण आपल्याकडे तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. पण मुलांना मी वर्षानुवर्षं घोकायला लावलं होतं, की तमिळनाडूच्या किनाऱ्याला पाऊस ईशान्य मोसमी वारे देतात, ऑक्टोबर ते डिसेंबर. तेच वारे दक्षिण चिनी समुद्रावरून ओले होऊन मध्य व्हिएतनामच्या डोंगराला अडतात. हुए, दा नांग, होई आन ह्या पट्ट्यात आपल्या दिवाळीलाच आभाळ फाटतं. यंदा, २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी, हुए आणि होई आन दोन्ही पाण्यात होती. होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून होड्या चाललेल्या आम्ही टीव्हीवर पाहिल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. नोव्हेंबरची तारीख ह्यांचीच होती.

राहिला जानेवारी. हनोईला तेव्हा पंधरा अंशांची ओलसर थंडी असते, पण सातारकरांना कानटोपीची लाज नाही. फक्त तेत चुकवायचा. तेत म्हणजे त्यांचं नवं वर्ष; २०२६ मध्ये तो १७ फेब्रुवारीला आहे. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाडीचं तिकीट मिळावं अशी अपेक्षा धरायची, तसं तेतच्या आधीच्या आठवड्यात तिथे रेल्वेचं. आणि नंतर दुकानं बंद. तेव्हा संक्रांतीचा तिळगूळ वाटून १६ जानेवारीच्या रात्री निघायचं आणि ७ फेब्रुवारीला परत यायचं.

बँकॉकही आधी यादीत होतं. तिथून सिएम रीपला रस्त्याने पाच-सहा तास, ह्यांना रस्ता आवडतो. पण जुलैमध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर तोफा चालल्या आणि रस्त्यावरची नाकी बंद झाली, ती बंदच आहेत. तेव्हा चौथा देश गेला. मला वाईट वाटलं नाही. कंबोडियात आम्ही विमानाने उतरणार, तिथली खोली आयत्या वेळी रद्द करता येईल अशीच घेतली आहे. पुन्हा बिघडलंच तर ते दिवस होई आनच्या पदरात. मुलगा पुण्याहून रोज बातम्यांचे दुवे पाठवतो. वाचते मी. सगळे वाचते.

व्हिसाचं एक सांगते, कारण त्यात आम्ही पैसे घालवले. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, नव्वद दिवसांपर्यंतचा. एकदाच आत जायचं तर २५ डॉलर, पुन्हा पुन्हा तर ५०. आम्ही आधी हनोई, मग लाओस, कंबोडिया आणि परत होई आन अशी वाट धरलेली. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरणार. ह्यांनी २५ वाला भरला. तिघांचा. "बघा, अर्ध्यात झालं," असं वर मला सांगितलं. दोन दिवसांनी तक्त्यावरच्या लाल पट्ट्या मोजताना मला ते दिसलं. भरलेली फी परत मिळत नाही. दुसऱ्यांदा भरताना आक्कांचं नाव अडलं: पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि आक्कांचं व यजमानांचं नाव दुसऱ्या ओळीत, आणि ह्यांनी आपल्या सवयीने सलग लिहून टाकलेलं. पासपोर्टच्या तळाला बाण-बाणांच्या ज्या दोन ओळी असतात ना, त्यात जसं नाव आहे तसंच, अक्षर न अक्षर भरायचं. आमच्या पिढीतल्या बायकांची नावं कागदागणिक वेगळी असतात. रेशनकार्डावर एक, बँकेत एक, आणि माहेरचं तर फक्त पत्रिकेत.

आता शरीरांकडे येते. खरी योजना तीच, आणि ती तक्त्यात मावत नव्हती.

आक्कांचा मुक्कामाचा धडा झाल्यावर हे पेटले. म्हणाले, रंगीत तालीम करू. तीन दिवस लागोपाठ, पाठीवर तीन किलोची पिशवी, रोज एक डोंगर: अजिंक्यतारा, यवतेश्वर, पुन्हा अजिंक्यतारा. आक्का लोणंदहून मुद्दाम येऊन राहिल्या. पहिला दिवस मजेत गेला, वर पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी उतरताना ह्यांचा उजवा गुडघा बोलायला लागला. चढताना तो कधीच बोलत नाही, उतारावरच बोलतो. ह्या वयाला उतारवय म्हणणारा माणूस गुडघे दुखत असतानाच बोलला असणार. हे लपवायचा प्रयत्न करत होते, पण बत्तीस पायऱ्या वाकड्या पावलांनी उतरणारा माणूस काय लपवणार?

तिसऱ्या दिवशी मी निम्म्यातून परत फिरले.

माझी टाच. सहा महिने दुखत होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा रुतल्यासारखी कळ, मग दहा मिनिटांत बरं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांच्या गुडघ्याची, आक्कांच्या वयाची काळजी करणारी तिघांतली धडधाकट बाई मी. मला कसं चालेल? दगडावर बसून राहिले. आक्का वर गेल्या नाहीत, माझ्याशेजारी बसल्या, चप्पल काढायला लावली आणि भर वाटेवर माझी टाच मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबू लागल्या. येणारे-जाणारे बघत होते. "वारीत पहिल्या दिवशी सांगायचं असतं," त्या म्हणाल्या. "दिंडीला कळलं की दिंडी हळू होते. न्हाई कळलं की तू मागं राहतीस."

त्या रात्री टेबलावर तिघांनी आपापलं सांगितलं. कुणी हसायचं नाही, असं ठरवून. ह्यांनी गुडघा, मूत्राशय आणि अंधारात कमी दिसणं सांगितलं. हे शेवटचं मला लग्नाला बेचाळीस वर्षं होऊन माहीत नव्हतं. मी टाच सांगितली, आणि उंचावरून खाली बघताना पोटात गोळा येतो तो. आक्का म्हणाल्या, "मला काय न्हाई." मग थोड्या वेळाने, "जमिनीवर बसलं की उठताना हात लागतो." हे सगळं ह्यांनी तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं. पुढची बाजू मग त्यावरून बदलली.

उदाहरणार्थ, व्हिएतनाममधल्या निन्ह बिन्हजवळ हांग मुआचा डोंगर. चुनखडीचे सुळके, खाली भातखाचरांतून वळत गेलेली नदी, आणि वर जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या, उंच-सखल, शेवटी कठडा नावापुरता. तक्त्यात ती हिरवी पट्टी नऊ ते अकरा होती, आणि लगेच साडेअकराला चांग आनची होडी. होडी म्हटलं की विश्रांती असं ह्यांना वाटलेलं. पण ती होडी छोटी, बूड पाण्यालगत, पाठीला टेका नाही, अडीच-तीन तास बसायचं, आणि गुहा आली की कमरेत वाकायचं. पाचशे पायऱ्या उतरून आलेला गुडघा दुमडून त्या होडीत बसवायचा, आणि शेवटी जमिनीवरून उठताना हात लागणाऱ्या आक्कांना हलत्या होडीतून उठवायचं! दोन्ही आता वेगवेगळ्या दिवशी. हांग मुआ हे चढणार, अर्ध्यापर्यंत, मी खालीच, आक्का म्हणतात बघू. आणि मधे एक पांढरा दिवस, म्हणजे तक्त्यात कुठलीच पट्टी नसलेला.

हनोईत राहायचं जुन्या पेठेत, पण तिथली घरं म्हणजे उभ्या नळ्या. समोरून तीन-चार मीटर रुंद, आत लांबच लांब आणि वर पाच-सहा मजले. छोट्या हॉटेलांत लिफ्ट असेलच असं नाही, आणि जिना आपल्या वाड्यातल्यासारखा. तेव्हा खोली बघताना मी खिडकीतलं दृश्य वगैरे सोडून दिलं. तीन प्रश्न पाठवते: लिफ्ट आहे का, न्हाणीघराला उंबरा किती, खोलीतला दिवा पलंगावरून लागतो का. तिसरा प्रश्न ह्यांच्या अंधारासाठी. एका हॉटेलवाल्याने उत्तरादाखल उंबऱ्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो पाठवला. तिथेच खोली घेतली.

अंगकोरचा पास बघून आक्का खूश झाल्या. एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. दोन दिवसांचा नाहीच. पण तीन दिवसांचा पास लागोपाठ वापरावा लागत नाही. दहा दिवसांत कुठलेही तीन. "बघ, त्यांना बी म्हाइत हाय," आक्का म्हणाल्या. मुख्य देवळाच्या सर्वांत वरच्या मजल्याला जायची पायरी इतकी उभी आहे, की जुन्या दगडावर आता लाकडी जिना बसवला आहे, आणि तोही शिडीसारखाच. तिथे आम्ही दोघं जाणार नाही, हे इथे साताऱ्यात बसून ठरवून टाकलं. तिथे पोचून, रांगेत उभं राहून, मागच्यांच्या नजरा अंगावर घेऊन असले निर्णय चुकतात. आम्हाला खालची भिंतच पुष्कळ आहे. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन कोरलंय, जवळजवळ पन्नास मीटर लांब. दगडातला वासुकी ओढणारे देव आणि दानव एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत बघत जायचं. एका सकाळला तेवढं बास. देऊळ मुळात विष्णूचं, बाराव्या शतकातलं, सूर्यवर्मा दुसरा ह्या राजाने बांधलेलं. पश्चिमेच्या दरवाज्यात आठ हातांची विष्णुमूर्ती अजून उभी आहे, आणि तिथले लोक आजही तिला उदबत्ती लावतात. आक्कांनी फोटो मोठा करून करून बघितला. "हात कमरेवर न्हाईत," एवढंच म्हणाल्या.

जेवणाची काळजी सगळ्यांनी आम्हाला घातली. थेपले न्या, चिवडा न्या, कुकर न्या. (कुकर!) खरी अडचण मांसाची नाही, माशाच्या पाण्याची आहे. 'नुओक माम' नावाचं ते आंबवलेलं पाणी भाजीत, सारात, चटणीत, कशातही असतं. पण व्हिएतनाममध्ये कितीतरी बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आणि त्या जेवणाची वेगळी खानावळ असते. पाटीवर शब्द असतो, त्याचा उच्चार 'चाय'. आणि हनोईत चहाला म्हणतात 'चा'. म्हणजे आपण चाय मागितला तर भाजी-भात येणार आणि चा मागितला तर चहा. ह्यांनी हे तीनदा म्हणून घेतलं आणि चौथ्यांदा उलटं म्हटलं.

विम्याबद्दल थोडक्यात. साठीनंतर आणि मग सत्तरीनंतर हप्ता उडी मारतो, आणि स्वस्ताच्या मोहाने लोक आधीचे आजार लिहीत नाहीत. आम्ही सगळे लिहिले, ह्यांची चार वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टीसुद्धा. लुआंग प्राबांगसारख्या गावात मोठं काही झालं तर माणसाला तिथून हलवावंच लागतं. लाओसमधली गंभीर दुखणी थायलंडला नेतात. तेव्हा पॉलिसीत विमानाने हलवण्याचा खर्च आहे का, ते कलम मी भिंगाने वाचलं. औषधांच्या दोन पिशव्या, दोन वेगळ्या बॅगांत, मूळ पाकिटांसकट. पैशांचं ह्यांनी केलंय: कंबोडियासाठी डॉलरच्या कोऱ्या नोटा, कारण कोपरा फाटलेली नोट तिथे कुणी घेत नाही. व्हिएतनामी नोटांत वीस हजाराची आणि पाच लाखांची दोन्ही निळ्या. अंधारात कमी दिसणाऱ्याने त्या एका पाकिटात ठेवायच्या नाहीत. पाकीट माझ्याकडे.

मुलाचा विरोध आता मावळलाय. त्याने आमच्या तिघांच्या फोनवर आम्ही कुठे आहोत ते दाखवणारं काहीतरी टाकलं. परवा मी मंडईत होते तर त्याचा फोन, "आई, तू राजवाड्यावर काय करतेयस?" मेथी घेतेय, म्हटलं.

नव्या वर्षाची दिनदर्शिका गेल्या आठवड्यात आली. आक्का तक्ता बघत नाहीत. त्यांनी आपल्या वहीत तिथ्यांनी लिहून काढलं. माघ शुद्ध एकादशी २९ जानेवारीला, म्हणजे सिएम रीपला. माघी वारीचा दिवस. तेव्हा तो दिवस पांढरा ठरला: सकाळी हरिपाठ, दुपारी झोप, उपवासाला शेंगदाणे, केळी आणि उकडलेली रताळी, जे तिथे रस्त्यावर मिळतं. तिथून पुढे होई आनला. तिथे दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कागदी-रेशमी आकाशकंदील लावतात. मी बोटं मोजून बघितलं तर ती रात्र १ फेब्रुवारी, आपली माघ पौर्णिमा. हे आम्ही ठरवलं नव्हतं, तेत चुकवताना ते आपोआप जमून आलं. ह्यांना मात्र वाटतं, तक्त्यानं जमवलं.

एक वस्तू मात्र नेता येणार नाही. लुआंग प्राबांगहून राजधानी व्हिएन्तानला आम्ही रेल्वेने जाणार. २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेली ती चिनी बांधणीची रेल्वे बोगद्यांतून दोन तासांत पोचवते. आधी घाटातून मोटारीने दिवस जायचा. पण तिथे स्टेशनात शिरताना सामान यंत्रातून तपासतात आणि सुरी, कात्री, दाढीच्या फेसाचा डबा, धारेचं आणि दाबाचं सगळं काढून घेतात. आक्कांचा अडकित्ता पितळी, मोराच्या तोंडाचा, सासूबाईंचा. मी त्यांना हे भीत भीत सांगितलं. वर जोडून सांगितलं, की व्हिएतनामी लोकांतही म्हण आहे, बोलण्याची सुरुवात विड्याने होते; तिथे सुपारी मिळेल. "मिळू दे," आक्का म्हणाल्या.

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की त्या ओट्याशी पाट घेऊन बसतात आणि सुपारी कातरतात. बारीक, एकसारखी. बोर्नव्हिटाच्या जुन्या बरणीत रोज एका दिवसाची भर. काल बरणी गळ्यापर्यंत आली. मी विचारलं, बावीस दिवसांची झाली का?

"झाली परवाच," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक खांड अडकित्त्यात धरलं. "ही लोणंदची."